पोलादी दोर स्वच्छ कसा कापावा?

पावसाळा तोंडावर आला, की कर्जत व खालापूर तालुक्यांत उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या काठचे पंप वर ओढून घेण्याची घाई सुरू होते. पहिल्या पुरापूर्वी पंप वर न आल्यास तो गाळात रुतण्याची भीती असते. या ओढकामासाठी आणलेला तारांचा पोलादी दोर पुष्कळदा कुऱ्हाडीचे घाव घालून तोडला जातो व तेथेच त्याची नासाडी होते.

हा दोर म्हणजे एकसंध सळई नव्हे. नेहमीच्या वापरातील एका प्रकारात सहा पेड असून प्रत्येक पेडात १९, म्हणजे एकूण ११४ तारा असतात; मध्ये तंतूंचा गाभा असतो. बांधणीवाचून दोर कापल्यास पीळ सुटून टोक फुलते. ते कप्पीतून जात नाही. शिवाय पेड सैल पडल्यास भार सर्व पेडांवर सारखा पडत नाही आणि दोर ऐन ओढीत तुटण्याचा संभव असतो.

म्हणून आधी बांधणी, मग कापणी. खुणेच्या दोन्ही बाजूंस मऊ तार घट्ट गुंडाळावी. गुंडाळीची रुंदी दोराच्या जाडीहून कमी नसावी. दोन बांधण्यांमध्ये हत्यार जाईल एवढीच जागा ठेवावी.

हत्यार दोराच्या जाडीप्रमाणे निवडावे. दोन-तीन मिलिमीटरच्या दोरास चांगली पक्कड पुरते. त्याहून जाड दोरास वक्र पात्यांची खास कातर उत्तम. ती दोर चोहोंकडून धरून कापते. सळया तोडण्याची सपाट पात्यांची कातर मात्र दोर चेपते. कातर नसल्यास दोर व्हाइसमध्ये धरून बारीक दात्यांच्या हॅकसॉने कापावा, अथवा ऐरणीवर ठेवून धारदार छिन्नीने तोडावा. ग्राइंडरने काप सुबक येतो. परंतु ठिणग्यांनी गाभा व जवळचे वाळके गवत पेटू शकते, तेव्हा पाण्याची बादली जवळ ठेवावी. पद्धत कोणतीही असो, डोळ्यांना चष्मा व हातांत चामडी मोजे अवश्य असावेत.

टोकास फास करताना किमान तीन क्लिपा लावाव्यात. त्यांचा यू-बोल्ट दोराच्या आखूड टोकावर व बैठक भार घेणाऱ्या बाजूवर असावी. ८ मिलिमीटरच्या दोरास दोन क्लिपांतील अंतर सुमारे ५ सेंटिमीटर ठेवावे. पहिला भार पडल्यावर नट पुन्हा आवळावेत. ओढ चालू असता दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये; तुटलेला दोर चाबकासारखा उसळतो.

बांधणीस लागणारी हातभर तार व थोडा वेळ यांची काटकसर शेतकरी बंधूंनी करू नये.