प्रयोगाआधीच निकाल? एआयचा अंदाज आणि मालवणचा समुद्र

रापण लावण्याआधी एखादा जुना जाणकार पाण्याचा रंग बघतो आणि सांगतो, "आज बांगडो गावतलो." मग संशोधनाचा निकालही असा आधीच सांगता येईल का?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मेंदूविज्ञानातल्या शोधनिबंधांचे सारांश घेतले आणि प्रत्येकाच्या दोन प्रती केल्या. एकीत खरा निकाल, दुसरीत बदललेला. आता ओळखा, खरी कोणती! १७१ तज्ज्ञांची उत्तरं सरासरी ६३ टक्के बरोबर आली, भाषा मॉडेल्सची ८१ टक्के.

हे जमतं कसं? मॉडेल वाचताना पुढचा शब्द किती अपेक्षित होता, ते मोजत जातं. ज्या प्रतीत त्याला कमी धक्के बसतात, ती खरी धरायची. म्हणजे बघा, ही सगळी आधीच्या वाचनाची पुण्याई.

आता मालवणात येऊ. इथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. इथल्या प्रवाळाबद्दल विचारलं, तर मॉडेल मुख्यतः जगभरात छापलेल्या मजकुरावरून बोलणार. रापणकारांच्या डोक्यातलं जे कागदावर उतरलंच नाही, ते त्याला कुठून कळणार?

खरी भीती पुढे आहे. "निकाल ठरलेलाच आहे" म्हणून उद्या कुणी इथल्या अभ्यासाचा निधीच नाकारला, तर आपल्या समुद्रात काही वेगळं घडतंय हे कळणारच नाही. म्हणून अंदाज जरूर ऐका, पण रापण ओढल्याशिवाय वाटे घालू नका.

भेटू पुढच्या भागात!