गांवची आशा आणि तिचें प्रमाणपत्र

बियाणें विकत घेतांना पिशवीवरील प्रमाणपत्राची चिठ्ठी आपण निरखून पाहतों. परंतु जिच्या भरंवशावर घरची बाळंतीण व तान्हें मूल ठेवावयाचें, ती स्त्री काय शिकली व कशी शिकली, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. म्हणून हा विषय शेतकरी बंधुभगिनींपुढें मांडीत आहों.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 सालीं सुरू झालें व त्याबरोबर ‘आशा’ योजना आली. साधारणतः हजार वस्तीस एक आशा असें प्रमाण ठरलें. ती त्याच गांवची रहिवासी असावी, विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित असावी व तिच्या निवडींत ग्रामसभेचा हात असावा, असा दंडक घालण्यांत आला. अविवाहित मुलगी न घेण्याचें कारण उघड आहे. लेक लग्न होऊन परगांवीं जाते, सून राहते.

शिक्षण थोड्याथोड्या दिवसांच्या वर्गांनीं होतें. मध्यंतरीं गांवीं परतून शिकलेलें करून पाहावयाचें. त्यांत नवजात बालकाची घरीं जाऊन घ्यावयाची काळजी हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रसूति दवाखान्यांत झाली असल्यास 3, 7, 14, 21, 28 व 42 या दिवशीं भेट द्यावयाची. घरीं झाल्यास पहिल्या दिवशींही. प्रथम हात स्वच्छ धुवावयाचे, मग मुलाचें वजन करावयाचें, काखेंत तापमापक लावावयाचा, आणि मूल शांत असतां पुरें एक मिनिट त्याचे श्वास मोजावयाचे. ते 60 किंवा अधिक भरले तर पुन्हां मोजून खात्री करावी व मुलास विनाविलंब दवाखान्यांत न्यावयास सांगावें. मिनिटभराचें काम, पण न शिकतां येत नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें 1995 पासून 39 गांवांत तेथल्याच स्त्रियांस असें शिक्षण दिलें. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, 62 टक्क्यांनीं घटलें. हा वृत्तांत 1999 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला.

शिकलेल्या आशेस राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवितां येतें. परीक्षा लेखी तशीच हातच्या कामाचीही असते, हें योग्यच होय. मात्र ऐन खुरपणींत वर्गास जावयाचें तर घरच्यांची संमति हवी, आणि मोबदल्याची गोष्ट काय सांगावी! आशा ही स्वयंसेविका गणली जाते. घरभेटींची योजना 2011 सालीं देशभर आली तेव्हां साऱ्या भेटी मिळून 250 रुपये ठरले. सहा खेपा धरल्या तर खेपेस 42 रुपयेही पडत नाहींत. वर्गाच्या दिवसांत तिच्या वांट्याचें खुरपण भावकीनें उरकून द्यावें, एवढें तरी आपल्या हातचें आहे.

गांवांत जागा रिकामी झाली म्हणजे सभेंत स्त्रियांस विचारावें कीं, रात्रीं मूल दूध पिईनासें झालें तर तुम्ही कोणाचें दार ठोठावाल? त्या जिचें नांव घेतील तिची शिफारस करावी. सरपंचांच्या नात्यांतील म्हणून कोणाच्या नांवास मान डोलवूं नये.