गाई-म्हशींची जीभ आणि मोळीची तार



मुंबईत भांडुपच्या एका तबेल्यात आम्ही म्हशींना वाढे खाताना पाहिले. जिभेचा वेढा घालायचा, हिसका द्यायचा, की घास आत! गाई-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जीभ हाच त्यांचा हात. शेळी ओठांनी पाला निवडते, म्हैस निवडत बसत नाही. शिवाय जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले. त्यामुळे मोळीला तार असली तर तीही पोटात जाते. जाळीदार पोटात ती रुतते, आणि हृदय तिथून अगदी लगत. जनावर कण्हते, चारा सोडते, दूध आटते, कधी दगावतेही.

तेव्हा वाढ्यांची मोळी वाढ्यानेच आवळा. विकत आणलेली मोळी कुट्टीआधी सोडून झटका. जनावर कण्हू लागले तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, डॉक्टरांना बोलवा.