पौर्णिमेला किनाऱ्यावर तंबू ठोकताय? आधी तिथीची पाऊणपट करा

थंडी पडली की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसतं. चार मित्र, चार सायकली, कॅरिअरला बांधलेला तंबू आणि समोर कोकणचा समुद्र. मग आपल्याही ग्रुपवर मेसेज पडतो, "या शनिवारी जायचं का?" जायलाच हवं. फक्त अंतर किती, खर्च किती यावर चर्चा होते आणि एक प्रश्न राहून जातो. त्या रात्री भरती किती वाजता आहे?

रूट कोणता घ्यायचा?

पहिल्यांदा जाणार असाल तर मांडवा ते काशीद सोयीचा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत सायकल चढवली की तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लई आणि काशीद. अंतर साधारण ५० किलोमीटर. सामान लादलेली सायकल ताशी १२-१५ किलोमीटरने जाते, म्हणजे नुसतं पायडल मारण्याचे चार तास. चहा, जेवण, फोटो धरले की दिवस संपला.

वारा कुठून येतो?

दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. शाळेत शिकलेले खारे वारे ते हेच. हिवाळ्यात इथे हा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. त्यामुळे दक्षिणेला जाताना मदत होते, पण परतताना तोच अंगावर येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं.

पौर्णिमेची गोची काय?

चांदणं मिळावं म्हणून बरेच जण पौर्णिमा निवडतात. आता कोळीवाड्यातला जुना हिशोब बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सहाला तुम्ही पोचता तेव्हा पूर्ण ओहोटी असते. समुद्र लांब, वाळू मोकळी. तंबू तिथेच ठोकावासा वाटतो. पण मध्यरात्री, सगळे गाढ झोपेत असताना, भरती शिगेला पोचते. तीही उधाणाची, कारण पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. किनारा उतरता नसून सपाट असेल तर पाणी बघता बघता आत येतं.

हा हिशोब अंदाजाचा आहे. नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघा आणि गावातल्या कोळ्यांना विचारा.

मग तंबू कुठे लावायचा?

वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची एक ओळ दिसते. मागची भरती तिथवर आली होती. तंबू त्या ओळीच्या बराच वर हवा. माडाखाली नको, नारळ डोक्यात पडतो. सुरूच्या बनात शेकोटी नको, वाळलेला पाला लगेच पेटतो. सगळ्यात बरं म्हणजे एखाद्या वाडीत, मालकाला विचारून आणि पैसे देऊन. पाणी, संडास आणि गरम जेवणाची सोय होते.

कोकणच्या काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोठे दिवे आणि शेकोटीमुळे मादी बिचकून परत जाते. त्यामुळे कासवांच्या किनाऱ्यावर मुक्काम टाळाच.

पाण्यात उतरायचं का?

फेब्रुवारी २०१६ मध्ये याच रस्त्यावर पुढे असलेल्या मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. दिवसभर सायकल चालवून पाय आधीच थकलेले असतात, पोटऱ्यांत गोळे येतात. त्यामुळे गुडघ्याच्या पुढे जाऊ नका, अंधारात तर अजिबात नाही. जीवरक्षक नको म्हणाला तर नकोच.

आणि सायकलचं?

ओल्या वाळूवर सायकल चालवलेला व्हिडिओ भारी दिसतो, पण खारं पाणी चेन आणि बेअरिंग खातं. मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्या. जास्तीची ट्यूब आणि पंप सोबत ठेवा.

आता कॅलेंडर उघडा, शनिवारची तिथी बघा आणि मगच ग्रुपवर "डन" लिहा.