चिपाडाच्या लगद्याचे अंश-विभाजन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या सावेडी भागातून मनमाडकडे जाणारा रस्ता राहुरी, कोल्हार ही गावे ओलांडीत प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यात शिरतो. याच पट्ट्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. रस काढल्यावर उरणारे उसाचे चिपाड बहुधा कारखान्याच्या भट्टीतच जाळले जाते. परंतु त्यापासून कागदही होतो. अशा कागदाविषयीची नेहमीची तक्रार अशी की, लगद्यातून पाणी लवकर निथळत नाही आणि कागद फाटण्यास फारसा विरोध करीत नाही. हा दोष उसाच्या तंतूचा की त्याच्या सोबत्यांचा, हे ठरविण्यासाठी लगद्याचे अंश वेगळे करावे लागतात.

चिपाडाच्या कोरड्या वजनापैकी साधारण एक-तृतीयांश भाग गाभ्याच्या भुशाचा असतो. भुशाच्या पेशी रुंद, पातळ भित्तीच्या आणि पाणी धरून ठेवणाऱ्या असतात. खरे तंतू सरासरी एक ते दीड मिलिमीटर लांबीचे, म्हणजे देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या सुमारे तीन मिलिमीटर लांबीच्या तंतूंहून पुष्कळ आखूड असतात. तथापि सगळ्या लगद्याची एकच सरासरी काढल्यास तंतू आणि भुसा एकाच आकड्यात मिसळून जातात व प्रश्न तसाच राहतो.

यासाठी बाउअर-मॅक्नेट नावाचे उपकरण प्रयोगशाळांत वापरतात. त्यात एकापेक्षा एक खालच्या पातळीवर बसविलेली कुंडे असून प्रत्येक कुंडाची चाळण आधीच्या चाळणीपेक्षा दाट असते. १० ग्रॅम कोरड्या वजनाइतका लगदा पाण्यात विखरून पहिल्या कुंडात सोडतात आणि २० मिनिटे पाण्याचा प्रवाह एकसारखा ठेवतात. लांब तंतू आधीच्या चाळणीवर अडतात, आखूड पुढे जातात. शेवटच्या, दर इंचास २०० छिद्रांच्या चाळणीचे छिद्र ०.०७४ मिलिमीटरचे असते. प्रत्येक चाळणीवरचा अंश वाळवून तोलतात. मूळ वजनातून त्यांची बेरीज वजा केली की निसटून गेलेल्या अंशाचे प्रमाण कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत ‘बारीक’ हा एकच शब्द आखूड, कृश आणि चूर्णरूप अशा तिन्ही अर्थांनी चालतो. चाळणीचा निवाडाही काहीसा असाच असतो. लवचिक तंतू वाकून छिद्रातून निसटतो, तर त्याच लांबीचा ताठर तंतू अडून राहतो. निसटलेल्या अंशात भुशाच्या फुटक्या पेशी असतात, तसेच लगदा कुटताना तंतूंच्या भित्तीपासून सुटलेले तंतुकही असतात. दोन्हींमुळे निथळणे मंदावते. परंतु तंतुक तंतूंना परस्परांशी जखडून कागदाचे बळ वाढवितात, भुशापासून तसा लाभ फारसा होत नाही. म्हणून केवळ वजनावरून निर्णय न देता निसटलेले पाणी साठवावे आणि त्यातील गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.

याहून निर्णायक कसोटी म्हणजे पुनर्मीलनाची. लांब तंतूंच्या अंशात भुसा व तंतुक निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून कागदाचे नमुने करावेत आणि त्यांचे निथळणे, ताण व फाटण्यास होणारा विरोध मोजावा. भुसा वगळताच निथळणे सुधारले, तर लगदा शिजविण्यापूर्वीच तो वेगळा करणे हा उपाय ठरतो. तरीही फाटण्याचा दोष उरलाच, तर तो तंतूच्या आखूडपणाचा समजावा आणि त्यासाठी लांब तंतूंच्या लगद्याची जोड द्यावी. एकाच तक्रारीत दोन कारणे दडलेली असतात. त्यांची फोड झाल्यावाचून चिपाडाविषयी दिलेला कोणताही निकाल घाईचा ठरेल.