डोंगरी सायकल, पांदण आणि पंक्चरचे दुकान

22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. या करकपातीचे स्वागत झाले, आणि ते उचितच होय. परंतु कोणत्याही करकपातीचा लाभ कोणाच्या पदरी किती पडतो, हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारावाच लागतो. करापूर्वीची किंमत 5,000 रुपये असलेली साधी काळी सायकल या कपातीने 350 रुपयांनी स्वस्त होते; 30,000 रुपयांची गिअरची डोंगरी सायकल 2,100 रुपयांनी. सवलतीचे प्रमाण समान, पण रक्कम सहापट. याचा अर्थ छंदाच्या सायकलीला मिळालेले उत्तेजन गैर आहे, असा नव्हे. मात्र दुकानातून बाहेर पडलेली ही सायकल पुढे किती वर्षे चालते, आणि ती चालती ठेवणारे हात गावात शिल्लक राहतात की नाही, हे प्रश्न कराच्या दराने सुटत नाहीत.

हिंगणघाटसारख्या गावाला हा विचार विशेष लागू पडतो. वणा नदीच्या काठचे हे गाव कापसाचे. ‘हिंगणघाट’ हे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव म्हणून परिचित होते. पुढे येथे कापडगिरण्या आल्या आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर सायकल आली. पाळीवर जाणारा कामगार, दुधाचे कॅन अडकवून येणारा गवळी, पेठेत फिरणारा मापारी, शाळामास्तर या साऱ्यांचे ते वाहन होते. आज मोटारसायकलने ती जागा घेतली आहे आणि सायकल निराळ्याच वेषात परतली आहे. पहाटेच्या वेळी जाड टायरच्या, पुढे स्प्रिंगचा चिमटा असलेल्या सायकलींवरून डोक्याला हेल्मेट बांधलेली मंडळी जाम किंवा वडनेरच्या दिशेने जाताना दिसतात. पूर्वी जी गरज होती ती आता हौस झाली आहे.

डोंगराविना डोंगरी सायकल

या सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. 1970 च्या दशकात तेथील काही तरुण 1930-40 च्या काळातील जाड टायरच्या जुन्या, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन माउंट टमाल्पायस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली उतरू लागले. 1976 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. जो ब्रीझ याने 1977 च्या सुमारास या कामासाठी खास सांगाडा बांधला. 1981 मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली डोंगरी सायकल बाजारात आली. आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराला स्थान मिळाले. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा आहे.

हिंगणघाटच्या आसपास असे डोंगर नाहीत. गिरडची टेकडी आणि जिल्ह्याच्या उत्तरेकडील बोर परिसरातील सातपुड्याचे फाटे सोडले, तर भूमी सपाटच. मग या सायकलीचे येथे प्रयोजन काय? त्याचे उत्तर पांदणीत आहे. गावातून शेताकडे जाणारी, दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरींनी वेढलेली, बंडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेली पांदण ही विदर्भाची स्वतःची डोंगरवाट आहे. पुण्याच्या हौशी सायकलस्वाराला सिंहगडचा चढ दमवतो. येथे ते काम वाळलेल्या चिखलाच्या चाकोऱ्या करतात. चाकोरीत पुढचे चाक अडकले की हँडल वळत नाही आणि सायकलस्वार आडवा होतो. दिवाळीनंतर जमीन घट्ट होते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने या सफरींना उत्तम. उन्हाळ्यात मात्र सूर्योदयापूर्वी निघून आठच्या आत परतणे हाच शहाणपणा. गिरड-समुद्रपूरकडील रानात किंवा 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरच्या हद्दीलगत फिरताना वनखात्याचे नियम आणि दिवसाची वेळ पाळणे, हे तर साहसाच्याही आधी येते.

काळ्या मातीचा निकष

साहित्याची निवड येथे मातीने करावी, जाहिरातीने नव्हे. पावसाळ्यातील काळी कसदार माती टायरला अशी लगटते की दहा-वीस फेऱ्यांत चाक आणि चिमटा यांमधील जागा भरून चाक फिरेनासे होते. जाहिरातीत रुबाबदार दिसणारे अतिरुंद टायर या मातीत सर्वांत आधी हार पत्करतात. किंचित अरुंद टायर आणि त्याभोवती मोकळी जागा असलेला चिमटा निभावून नेतो. अर्थात भर पावसात पांदणीऐवजी डांबरी सडक धरावी, हे शेतकऱ्याला ठाऊक असलेले उत्तर सर्वांत स्वस्त आहे. रिमवर घासणारे ब्रेक चिखलात निकामी होतात, तेथे डिस्क ब्रेकचा खर्च सार्थ ठरतो. याउलट पुढे-मागे स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल हा बहुधा तोट्याचा सौदा असतो. हलक्या प्रतीच्या स्प्रिंगने वजन वाढते, आणि पायडल मारताना पायांची निम्मीअधिक उमेद ती दाबण्यातच खर्ची पडल्यासारखे वाटते. सपाट मुलुखात साधा ताठ चिमटा किंवा पुढे एकच चांगली स्प्रिंग पुरेशी आहे.

काट्यांचा प्रश्न त्याहून बिकट. बाभळीचा काटा टायर भेदून आत जातो आणि सराट्याचे काटे तर एका फेरीत चार-पाच भोके पाडतात. यावर ट्यूबविरहित टायरचा उपाय निघाला आहे. टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रावण भरले की लहान छिद्र आपोआप बुजते. उपाय खरा, पण हे द्रावण उष्णतेने सुकते. पारा 45 अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या विदर्भात ते काही आठवड्यांत तपासावे आणि पुन्हा भरावे लागते. शिवाय सुरुवातीला टायर रिमवर घट्ट बसवण्यास हवेचा जोराचा झोत लागतो. म्हणून दूर जाताना एक जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि हातपंप ही जुनी सामग्री जवळ असलेली बरी. पंपाचेही तसेच. सायकलीच्या व्हॉल्व्हचे तीन प्रकार प्रचलित आहेत. मोटारीसारखा व्हॉल्व्ह असल्यास पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक मानेच्या परदेशी व्हॉल्व्हला मात्र छोटा जोड सोबत नसेल, तर हवेचे यंत्र समोर असूनही स्वार पायीच घरी येतो.

ज्या दोन गोष्टींवर खरोखर खर्च व्हावा त्यांची चर्चा फारशी होत नाही. पहिली म्हणजे उंचीनुसार योग्य मापाचा सांगाडा आणि सीटची योग्य उंची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा, हा साधा नियम. नवशिके सीट फार खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखू लागल्याची तक्रार करतात. दुसरी गोष्ट हेल्मेट. त्यातील फेस स्वतः चेपून डोक्यावरील आघात शोषून घेतो, म्हणजे ते एकाच आघातासाठी असते. पडल्यानंतर वरून धड दिसणारे हेल्मेट वापरत राहणे ही काटकसर नव्हे.

सुट्या भागांचे अर्थशास्त्र

जुन्या काळ्या सायकलीचे खरे वैशिष्ट्य तिच्या मजबुतीहून अधिक तिच्या प्रमाणबद्धतेत होते. ती लुधियानाच्या कारखान्यात झालेली असो वा सोनिपतच्या, तिचे छर्रे, चेन, स्पोक आणि टायर कोणत्याही खेड्यातील दुकानात मिळत. कारखाने परस्परांचे स्पर्धक होते, पण मापे सामाईक होती. त्यामुळे खेड्यातील कारागीर थोड्या भांडवलावर सर्वांची सेवा करू शकत असे. सोनिपतला 1951 मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला; तरीही तिच्या सायकली आज दुरुस्त होतात, याचे कारण हेच.

डोंगरी सायकलीत ही व्यवस्था मोडली. चाकांची मापे 26, साडेसत्तावीस आणि 29 इंच. मागील दातेरी चकत्या सातपासून बारापर्यंत आणि त्यानुसार चेनची रुंदी निराळी. मागचा गिअर ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो ‘हँगर’ जवळपास प्रत्येक सांगाड्यासाठी वेगळा. पडल्यावर सांगाडा वाचावा म्हणून हा तुकडा मुद्दाम नाजूक केलेला असतो. तो वाकला वा तुटला की तीस हजारांची सायकल काहीशे रुपयांच्या तुकड्यासाठी आठवडेच्या आठवडे भिंतीला टेकून राहते.

अशा वेळी खेड्यातील पंक्चरवाल्याची किंमत कळते. हँगर तुटून गावापासून बारा-पंधरा कोसांवर अडकलेल्या स्वाराची सायकल तो उलटी करतो, मोडका गिअर बाजूला काढतो, चेनचा पिनखिळा ठोकून चार कड्या कमी करतो आणि एकाच चकतीवर ती ताणून बसवतो. वीस मिनिटांत गिअरची सायकल बिनगिअरची होते आणि स्वार घरी पोचतो. त्याने या सायकलीची माहितीपुस्तिका पाहिलेलीही नसते. परंतु चाकाचा आऊट काढण्यात आयुष्य गेलेल्या हातांना यंत्राचे व्याकरण समजते. दुर्दैवाने याच कारागिराची पुढची पिढी या धंद्यात येत नाही, आणि त्यात तिची चूक नाही.

श्रमविभागणी बाजारपेठेच्या व्याप्तीने मर्यादित होते, असे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये सांगून ठेवले आहे. पंधरा-वीस डोंगरी सायकलींच्या गावात त्यांच्यासाठी स्वतंत्र कारागीर पोसला जाणार नाही. तो पोसायचा तर व्याप्ती वाढवावी लागेल आणि गावातील हौशी मंडळींना ते अशक्य नाही. नवी सायकल घेताना आपसांत विचार करून शक्यतो एकाच मापाची चाके आणि एकाच प्रकारचे गिअर निवडले, तर वीस जणांना मिळून एकच सुट्या भागांचा साठा पुरतो. प्रत्येकाने 500 रुपये आगाऊ दिले, तर 10,000 रुपये होतात. तेवढ्यात गावातील एखाद्या कारागिराकडे चेन, ब्रेकचे पॅड, केबल, काही हँगर आणि दोन-चार विशेष हत्यारे ठेवता येतील. त्याला काम मिळेल, स्वारांना सोय होईल आणि पैसा गावातच फिरेल.

ज्या जिल्ह्यात ग्रामोद्योगांचा विचार वाढला, तेथे हे सांगावे लागू नये. अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये वर्ध्याला स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे स्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली. वस्तूची किंमत ठरवताना ती कोणाच्या हाताला काम देते, हेही पाहावे, हा त्या विचाराचा गाभा होय. त्याआधी, 1899 मध्ये, थॉर्स्टीन व्हेब्लेन याने प्रतिष्ठेसाठी होणाऱ्या खर्चाचे विश्लेषण केले होते. सायकलच्या हौसेत ही दोन्ही सूत्रे एकमेकांशी झगडताना दिसतात. दर वर्षी नवा सुटा भाग, दर हंगामी नवा पोशाख, सोबत्याच्या सायकलीपेक्षा अर्धा किलो हलकी सायकल ही स्पर्धा सुरू झाली, की प्रत्यक्ष फिरणे कमी आणि खरेदीच्या गप्पा अधिक होतात. ज्याला अशी सायकल परवडत नाही, असा उत्साही तरुण मग त्या घोळक्यापासून दूर राहतो, आणि हा तोटा कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

रस्ता कोणाचा?

महाराष्ट्रातील सायकलस्वारांनी गेल्या काही वर्षांत मोठे पराक्रम केले आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली. वैदर्भीय तरुणांना याचा सार्थ अभिमान आहे. परंतु नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 वर भरधाव मालमोटारींच्या कडेने जाणाऱ्या सायकलस्वाराला अभिमानापेक्षा सुरक्षित कडेची गरज अधिक आहे.

ही गरज केवळ हौशी स्वाराची नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील 44.8 टक्के कुटुंबांकडे सायकल होती. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात 125 तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना आहे. शासन एका हाताने मुलीला सायकल देते आणि दुसऱ्या हाताने तिच्या शाळेच्या वाटेवर चौपदरी महामार्ग ओलांडायला लावते, ही विसंगती आहे. मुलगी तक्रार घेऊन कचेरीत जात नाही. शेतमजूरही जात नाही. डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक मात्र जाऊ शकतात, आणि पहाटेच्या त्या घोळक्यात हीच मंडळी असतात.

म्हणून या छंदाकडे केवळ श्रीमंती चोचला म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. आजवर सायकल चालवणाऱ्याला आवाज नव्हता आणि आवाज असलेला सायकल चालवीत नव्हता. आता प्रथमच हे दोघे एका वाहनावर आले आहेत. सेवारस्त्याची कड दुरुस्त करणे, महामार्गावरील ओलांडण्याच्या जागी दिवे लावणे, पांदणींवरील अतिक्रमणे हटवून मुरूम टाकणे या मागण्या त्यांनी लावून धरल्या, तर त्यांची रविवारची सफर सुखाची होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोमवारी त्याच वाटेने दप्तर अडकवून निघालेली मुलगी शाळेत वेळेवर पोचेल आणि पांदणीतून कापसाची बंडीही न अडखळता पेठेत येईल. करकपातीने वाचलेल्या 2,100 रुपयांतून हेल्मेट जरूर घ्यावे. पण त्यातले 500 गावच्या कारागिराकडे ठेवावेत आणि त्यासोबत नगरपालिकेला एक अर्जही द्यावा.