फोचा वाडगा आणि बिलाचा आकडा

मे २०१६. हनोईतल्या 'बून चा हुओंग लिएन' या साध्याशा खाणावळीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवले. दोघांचं बिल सुमारे ६ डॉलर, भरलं बोर्डेननं. ते टेबल आता काचेच्या पेटीत आहे.

अशा साध्या व्हिएतनामी खाणावळीत पैसे वसूल झाले की नाही, हे सजावटीवरून ठरवू नये; जिथे फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया, मिळतो तिथे त्याचा वाडगा बघावा. गोमांसाच्या फोसाठी हाडं कित्येक तास मंद आचेवर ठेवतात. सोबत निखाऱ्यावर भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल, दालचिनी. रस्सा नितळ हवा, तांदळाच्या शेवया तळाशी दिसतील इतका. सॉस, लिंबू काही घालण्याआधी एक चमचा नुसता प्यावा. निकाल तिथेच लागतो. जिभेवर फक्त मीठ आणि अजिनोमोटो उरला, तर मांसाचे काप कितीही मोठे असोत, सौदा तोट्याचा.

तुळशीची पानं, मुगाचे लांब मोड, मिरची यांची भरगच्च ताटली ही दक्षिणेची, सायगावकडची रीत. हनोईत ती दिसली नाही म्हणून मालकाला चिक्कू ठरवू नये. आणि बिलावरची शून्यं पाहून दचकायचं कारण नाही: ५०,००० डोंग म्हणजे जेमतेम दोन डॉलर.